पक्कं करणारे नाना

भिंगारचे नाना स्वतःहून काही सुरू करत नाहीत. दुसऱ्याने सुरू केलेलं ते पक्कं करतात. सोयरीक कुणीतरी सुचवतो, नाना सुपारी फोडूनच उठतात. कॅम्पातल्या टपरीवर एखादा दबक्या आवाजात म्हणतो, "त्या दोघा भावांचं बहुतेक बिनसलंय." संध्याकाळपर्यंत नानांनी त्या बिनसण्याला ठसठशीत कडा दिलेल्या असतात, सावल्यांसकट. पाहुण्याला कुणी सांगितलं, "औरंगजेब इथंच कुठंतरी गेला म्हणतात," की नाना उसळतात. "कुठंतरी काय, म्हणतात काय! 1707 साली, आपल्या भिंगारात. मग खुलताबादला नेऊन पुरला. घ्या लिहून."

हा सगळा धंद्याचा गुण. नाना कॉमिक्सचे इंकर. उमेदीची वर्षं मुंबईत दुसऱ्यांच्या पेन्सिलीवर शाई चढवण्यात गेली. "म्हणजे गिरवायचं काम ना?" असं कुणी विचारलं की नानांचा चहा तसाच राहतो. मग ऐकून घ्यावं लागतं. छपाईच्या कॅमेऱ्याला पेन्सिलीचा करडेपणा झेपायचा नाही. त्याला एकतर काळं, नाहीतर पांढरं. चित्रकार बारीकशी फुली मारून मोकळा व्हायचा, म्हणजे इथं काळं भर. पण ते काळं कुठं थांबवायचं? पुढच्या माणसाची रेघ जाड, मागच्या डोंगराची बारीक. केस ब्रशने, खिडकीचे गज निबने. चुकलं तर वर पांढरा पोस्टर कलर. "गिरवतात ते बालवाडीत," एवढं बोलून नाना गार चहा संपवतात.

कॉमिक्सचे चित्रकार राम वाईरकर आणि प्रताप मुळीक यांची नावं ते कानाच्या पाळीला हात लावून घेतात. पण कॉमिक्स हाती आलं की हिरो कोण, गोष्ट काय हे नंतर. आधी शाई कुणाची ते बघायचं. राज कॉमिक्सच्या अंकांत अनुपम सिन्हांच्या नावाबरोबर विनोद कुमार यांचं नाव इंकर म्हणून छापलेलं दिसलं, की ते पान टपरीभर फिरतं. "अमेरिकेत जॅक कर्बीच्या 'फँटास्टिक फोर'वर 1965 पासून जो सिनॉटने शाई केली. लोक अजून त्याचं नाव घेतात. इथं कोण घेतंय?"

भिंगारमध्ये सिनॉटचं नाव फक्त नानाच घेतात, पण रोज घेतात.

घरीही हात थांबत नाही. नानींनी पेन्सिलने केलेली किराणा यादी नाना दुपारी शाईने करून ठेवतात.

"अहो, साखर दोनाची एक किलो करायची होती मला."

"आता कसं होईल? शाई वॉटरप्रूफ आहे."

दोन किलो साखर येते.

परवा नातू कोरा कागद घेऊन आला. "नाना, वाघ काढा." नानांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "पेन्सिल कुणी केलीय?" कुणीच केलेली नव्हती. शेवटी नातवानेच एक मांजर काढलं आणि नानांनी तासभर खपून त्याचा वाघ केला. शाळेत चित्र नातवाच्या नावाने लागलं. बाईंनी खाली शेरा दिला : 'शेपूट छान.'

नाना तेव्हापासून टपरीवर सांगत सुटलेत, "शेपटीला पेन्सिलच नव्हती. ती सगळी माझी."