थंडी, सायकल आणि सातबारा

डिसेंबर सरत आला की कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर दोन तऱ्हेचे सायकलस्वार दिसू लागतात. खरे तर पहिल्या तऱ्हेचे बाराही महिने असतात, म्हणून ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. दुधाचे कॅन मागे बांधून निघालेला दूधवाला, पेपर टाकणारी पोरे, फार्महाऊसवर झाडांना पाणी घालायला चाललेला माळी. दुसऱ्या तऱ्हेचे मात्र अर्ध्या किलोमीटरवरून ओळखू येतात, कारण त्यांनी कपडे त्यासाठीच घेतलेले असतात. हेल्मेट, हातमोजे, काळा चष्मा आणि शेतातल्या बुजगावण्यालाही संकोच वाटावा अशा रंगाची जर्सी. यांतले बरेचसे ठाणे, डोंबिवली, पनवेलकडून येतात आणि त्यांच्या सायकली येतात मोटारीच्या टपावर बसून. सायकलने माणसाला वाहून न्यायचे की माणसाने सायकलला, हा प्रश्न कोंडिवड्याच्या रस्त्यावर दर रविवारी सकाळी उभा असतो.

या दुसऱ्या तऱ्हेत एक स्थानिक उपजात आहे. ती कर्जत गावातच राहते, वर्षानुवर्षे लोकलने मुंबई गाठते आणि एक जानेवारीला जाहीर करते की यंदा रोज पहाटे सायकल आणि रोज एक फोटो. तीनशे पासष्ट दिवस, तीनशे पासष्ट फोटो. अशा गृहस्थांना सोयीसाठी संकल्पवीर म्हणता येईल. दोन संकल्प एकत्र करण्यामागे त्यांचे शास्त्र असते. फोटोसाठी बाहेर पडावे लागेल म्हणून सायकल चालेल आणि सायकलवर बाहेर पडलोच आहोत म्हणून फोटो निघेल. एक संकल्प मोडला की दुसराही त्याच दिवशी मोडतो, हा त्यातला तपशील जानेवारीच्या उत्तरार्धात कळतो.

पहाटे साडेपाचला संकल्पवीर तयार होतात. थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर विंडचीटर, गळ्याला मफलर, हेल्मेटखाली कानटोपी. स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अहो, कानटोपी घातली की तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून आत्ताच सांगते. येताना कोथिंबीर आणा."

आता एवढे गुंडाळून घेण्याइतकी थंडी कर्जतला पडते का? पडते, पण तिच्या पद्धतीने. रात्री डोंगरउतारावरची हवा गार होते, जड होते आणि खाली घरंगळत उल्हास नदीच्या खोऱ्यात साचून राहते. समुद्राची ऊब इथवर पोचत नाही. म्हणून मुंबईत पंखा फिरत असतो त्या रात्री कर्जतला गोधडी निघते. भारतीय हवामान खात्यानेही किनाऱ्यावरच्या लोकांची नाजूक प्रकृती ध्यानात घेतली आहे. मैदानी प्रदेशात किमान तापमान 10 अंशांवर किंवा त्याखाली गेल्याखेरीज थंडीच्या लाटेचा विचारच होत नाही. किनारी ठाण्यांना 15 अंशांचीच सवलत आहे, फक्त पारा सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी उतरलेला हवा. मुंबईत सांताक्रूझला जानेवारी 1962 मध्ये 7.4 अंश नोंदले गेले होते. ती रात्र पाहिलेले आजोबा आजही नातवंडांच्या स्वेटरकडे तुच्छतेने बघतात.

या सगळ्याकडे फिनलंडमधल्या औलू शहरातले लोक कसे पाहतील, याची कल्पना करवत नाही. आर्क्टिक वृत्तापासून हे शहर फार लांब नाही. तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांवर गेला तरी शाळकरी मुले सायकलनेच शाळेत जातात आणि शाळेच्या अंगणात बर्फात रुतलेल्या सायकलींच्या रांगा लागतात. हिवाळी सायकलिंगची पहिली जागतिक परिषद 2013 मध्ये याच गावात भरली. तिथले गुपित पोरांच्या हाडांत नसून नगरपालिकेत आहे. बर्फ पडला की सायकलींच्या वाटा आधी साफ होतात. कोपनहेगनमध्येही मुख्य सायकलमार्ग मोटारींच्या रस्त्यांच्या आधी मोकळे करतात. कर्जत-कोंडिवडे रस्त्यावर बर्फ पडत नाही. तिथे सकाळी सकाळी डंपरमधून खडी पडते आणि ती साफ करण्याचे काम सायकलींच्या टायरांकडे आहे.

अर्थात मराठी माणसाला खऱ्या थंडीत सायकल चालवता येत नाही असे कोणी म्हणू नये. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने 2018 मध्ये, विशीत पाऊल टाकताना, 159 दिवसांत सुमारे 29 हजार किलोमीटरची जगप्रदक्षिणा केली, त्यात रशियातल्या बर्फात तंबू ठोकून एकटीने रात्री काढल्या. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी 2015 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी रेस अक्रॉस अमेरिका ही शर्यत दोघांचा संघ म्हणून नऊ दिवसांच्या आत पुरी केली. त्याच्याही खूप आधी, 1923 च्या ऑक्टोबरात, मुंबईतले सहा पारशी तरुण सायकलींवरून जग बघायला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे 1928 च्या मार्चमध्ये पृथ्वीला फेरा घालून परत आले. संकल्पवीरांना ही सगळी नावे पाठ असतात. वीस मिनिटांनी पहिल्या चहासाठी थांबताना ती मनाला मोठा आधार देतात.

खालापूरकडच्या संकल्पवीराला तर आधार शोधायला लांब जायलाच नको. मुंबई-पुणे सायकल शर्यत वर्षानुवर्षे त्याच्या दारावरून, खोपोलीहून बोरघाटात चढत आली आहे. घाटात पहिल्या येणाऱ्याला 'घाटांचा राजा' म्हणतात. द्रुतगती मार्गावर सायकलला मज्जाव, तेव्हा खोपोलीच्या हौशी राजाला जुन्या रस्त्याने शिंग्रोबाच्या देवळापर्यंत चढावे लागते. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून शिंग्रोबाची कथा सांगतात. जाणारे-येणारे ड्रायव्हर त्याला नाणे वाहतात. राजेसाहेब तिथे सायकल टेकवतात, स्वेटर काढून कॅरिअरला बांधतात आणि देवाकडे कोकणात पुन्हा उतरण्याची परवानगी मागतात. त्या दिवसाचा फोटो ठरलेला : सायकल, देऊळ आणि मागे ट्रकचा धूर.

फोटो आणि सायकल ही जोडी मात्र संकल्पवीरांनी शोधलेली नाही. 1890 च्या दशकात युरोप-अमेरिकेत सायकलचे वेड पसरले तेव्हा कॅमेरेवाल्यांनी लगेच हात धुऊन घेतले. 'सायकल पोको', 'सायकल ग्राफिक' अशा नावांचे घडीचे कॅमेरे निघाले, सायकलला बांधून न्यावेत असे. यातला 'ग्राफिक' काढणाऱ्या फोल्मर अँड श्विंग या न्यूयॉर्कच्या कंपनीने आधी गॅसचे दिवे विकले, मग सायकली विकल्या आणि सायकलवाल्यांना फोटोची चटक लागलेली पाहून कॅमेरे काढले.

रोजच्या फोटोचे आद्य दैवतही न्यूयॉर्कचेच. जेमी लिव्हिंग्स्टन याने 31 मार्च 1979 पासून दिवसाला एक पोलरॉइड काढायला सुरुवात केली आणि 25 ऑक्टोबर 1997 पर्यंत, म्हणजे मृत्यूच्या दिवसापर्यंत, तो काढत राहिला. सहा हजारांहून जास्त फोटो. नियम एकच, दिवसाला एक. पोलरॉइडचा प्रत्येक कागद विकत घ्यावा लागे, त्यामुळे नियम पाळणे खिशालाही परवडे. संकल्पवीरांच्या फोनमध्ये एका धुक्याचे चाळीस फोटो निघतात. त्यांतला एक निवडण्यात लोकल चुकते.

बोरघाटाला मात्र लिव्हिंग्स्टनच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधी एक चिकाटीची छायाचित्रकार लाभली होती. रेल्वेच्या घाटाचे कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इकडे आला आणि थोड्याच काळात आजाराने गेला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट सोडले नाही. तिने अभियंते नेमले आणि काम पुढे चालवले. या कामावर एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. शिवाय बोगदे, पूल, भराव कसे उभे राहत आहेत याची तिने छायाचित्रेही काढली. तेही काचेच्या प्लेटा आणि रसायने वापरून, जागच्या जागी. घाट 21 एप्रिल 1863 रोजी खुला झाला. आज संकल्पवीर त्याच घाटाच्या पायथ्याशी उभे राहून बॅटरी बारा टक्के आहे म्हणून हळहळतात.

आता त्यांची खरी अडचण. कर्जतच्या पूर्वेला सह्याद्री आहे आणि सूर्य पूर्वेलाच उगवतो. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्योदय सव्वासातच्या आसपासचा. पण राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले ओलांडून ऊन कोंडाण्याच्या बाजूला उतरेपर्यंत अर्धा-पाऊण तास सहज जातो. फोनमधले अ‍ॅप सांगते, सोनेरी प्रकाश सुरू झाला आहे. समोर काळा डोंगर. संकल्पवीर थांबतात. सोनेरी प्रकाश येतो तेव्हा आठ वाजत आलेले असतात, धुके विरलेले असते आणि घरून फोन येतो, कोथिंबीर मिळाली का.

एका रविवारी ते कोंडाण्याची लेणीच गाठायचे ठरवतात. कोंडिवड्यापर्यंत उल्हासच्या काठाने सायकल, पुढे गावात ती कोणाच्या तरी अंगणात लावायची आणि रानातून पायी चढायचे. पावसाळ्यात लेण्यांच्या तोंडावरून धबधबा पडतो तेव्हा इथे जत्रा असते. हिवाळ्यात वाट सुकी आणि वानरे निवांत. लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, चैत्यगृहाची लाकडासारखी कोरलेली कमान अजून थक्क करते. डावीकडे भग्न यक्षमूर्तीजवळ ब्राह्मी लेख आहे : कान्हाचा शिष्य बलक याने हे केले. एवढ्या मोठ्या कामाखाली एवढीशी सही! संकल्पवीर प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात आपले नाव, तारीख आणि 'दिवस अमुक' असे टाकतात. लेण्यांची तोंडे पश्चिमेच्या अंगाला असल्यामुळे सकाळी तिथे गर्द सावली. त्या दिवशीच्या फोटोत नाव, तारीख आणि दिवस स्वच्छ दिसतात. लेणे कुठे आहे ते विचारावे लागते.

जानेवारी संपता संपता विषय संपतात. कापलेल्या भाताची खुंटे झाली. भातानंतर उरलेल्या ओलीवर पेरलेला वाल झाला, त्याची फुले झाली, शेंगा झाल्या. भिवपुरीच्या टाटांच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर राजनाला वाहतो आणि त्यावर भर थंडीत उन्हाळी भाताची हिरवीगार रोपे डोलतात, तीही झाली. बांधावरची पोपटी झाली. भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात लावलेल्या वालाच्या शेंगा, अंडी आणि कोंबडी. तिचा फोटो हलला, कारण काढणाऱ्याचे लक्ष मडक्यात होते. मग येतात रात्री अकरा पन्नासचे फोटो : घड्याळ, उशी, अर्धी सोललेली संत्री, गॅसचा सिलिंडर. त्यांना 'स्थिरचित्र' म्हणतात. झोपलेल्या बायकोचा फोटो काढण्याचा विचार एका रात्री मनात येतो आणि फ्लॅशसकट निकालात निघतो.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडलेली असते. कर्जत तालुक्यात कोणी रस्त्याच्या कडेला सायकल लावून रिकाम्या शेताकडे फोन धरून उभा राहिला, तर त्याचे दोनच हेतू संभवतात, जागा घ्यायची किंवा विकायची. टपरीवरून एक तरुण उठून येतो.

"काका, जागा बघताय?"

"नाही हो, धुकं बघतोय."

"धुक्यातलीच आहे की. रिव्हर टच. सातबारा एकदम क्लिअर."

"मला जागा नकोय."

"शेतकरी दाखला नाही का? काही हरकत नाही, एनए दाखवतो."

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावे लागते, हा कूळकायदा संकल्पवीरांना अशा रीतीने सकाळी पावणेआठला उल्हासच्या पुलावर शिकायला मिळतो. तरुण नम्र असतो. नंबर मागून घेतो. जाताना सायकलचे मागचे चाक बसल्याचेही तोच दाखवतो आणि पंक्चरवाल्याला फोन लावून देतो.

दुसऱ्या दिवसापासून संकल्पवीरांच्या फोनवर सकाळी सातला 'सुप्रभात काका' येऊ लागते, सोबत एक फोटो. तेच शेत, तोच बांध, तोच कोन. कधी धुक्यात, कधी दवात, कधी राजमाचीच्या खांद्यावरून ऊन उतरताना. फेब्रुवारीत थंडी सरते, दुपारी रस्ता भाजू लागतो, सायकल जिन्याखाली जाते आणि फोटोंचे दिवस गळू लागतात. आधी सोमवार, मग आठवडे. सुप्रभात मात्र एकही दिवस चुकत नाही. वाल काढून झाल्यावरचे शेत येते, नांगरलेले येते, बांधावर फुललेली पांगाऱ्याची लाल फुले येतात. मार्चअखेर एका सकाळी संकल्पवीरांच्या पत्नी चहा पिता पिता नवऱ्याचा फोन हातात घेतात आणि ते सगळे फोटो पहिल्यापासून एकेक करून सरकवत जातात.

"अहो, हे कोणी काढलेत? तुमच्यापेक्षा किती छान आलेत."

संकल्पवीर पेपरातून मान वर करत नाहीत.

"आणि गुंठ्याला किती म्हणतोय तो?"