पाच मिनिटांवरचे अण्णा

आमच्या निगडीच्या यमुनानगरात कुणाकडे पाहुणा आला, की दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं दारात हजर होतात. एक दूधवाला आणि दुसरे अण्णा. दूधवाला निदान बेल वाजवतो.

"कुठे नेताय पाहुण्यांना?" चप्पल काढता काढता अण्णा विचारतात. लोणावळा म्हणा, सिंहगड म्हणा, दगडूशेठ म्हणा, अण्णांचा चेहरा एकच होतो. एका कंपनीच्या इन्स्पेक्शन खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाचा. ड्रॉइंगमधल्या मापापेक्षा भोक मोठं निघाल्यावर होतो तसा.

"रिजेक्ट," अण्णा म्हणतात. "लोणावळ्याला काय आहे? चिक्की, आणि लोणावळा बघायला आलेले लोक. त्यापेक्षा इथून पाच मिनिटांवर एक जागा आहे. कुणालाही माहीत नाही."

अण्णांच्या त्या पाच मिनिटांत पिंपरी-चिंचवड, अख्खं चाकण, अर्धा मावळ आणि खेड तालुका पार चासपर्यंत मावतो.

आमचे नागपूरचे भाऊजी आले तेव्हा अण्णांनी चाकणचा किल्ला काढला. किल्ला म्हटल्यावर भाऊजींनी ट्रेकिंगचे बूट चढवले, काठी घेतली, ताईने लिंबू-सरबताची बाटली दिली. गाडी माझी, पेट्रोल माझं, पुढची सीट अण्णांची. तळवडे, महाळुंगे करत आम्ही चाकणच्या तळेगाव चौकात पोचलो आणि तिथेच राहिलो. पुढे कंटेनर, मागे कंपन्यांच्या बस, डावीकडे कांद्याचा टेम्पो. तेवढ्या वेळात अण्णांनी 1660 साल सुरू केलं. शाहिस्तेखान एवढी फौज घेऊन आला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी पावसाळ्याचे पंचावन्न-छप्पन्न दिवस किल्ला झुंजवला.

"नक्की किती? पंचावन्न की छप्पन्न?" भाऊजींनी विचारलं.

"एका दिवसाची टॉलरन्स धरा."

शेवटी सुरुंग लावून बुरूज उडवला, तेव्हा कुठे खानाला आत जाता आलं. पाऊण तास तळेगाव चौकात बसून राहिल्यावर मला त्या छप्पन्न दिवसांचं फारसं आश्चर्य वाटेना.

चाकणचा हा किल्ला, संग्रामदुर्ग, भुईकोट आहे हे अण्णांनी मुद्दामच सांगितलं नव्हतं. गाडीतून उतरून भाऊजी बराच वेळ वर बघत राहिले. "काहो अण्णाजी, किल्ला कुठी आहे?"

"तुम्ही किल्ल्यातच उभे आहात."

थोडी तटबंदी, बुरुजांचे अवशेष, खंदकाची खूण. बाकी सगळं अण्णांच्या बोटात होतं. "इथे होतं," असं म्हणून ते हवेत बोट फिरवत आणि त्या बोटामागे तोफा, दरवाजे, सुरुंग उभे राहत. "खानाने फिरंगोजींना बादशाही नोकरी देऊ केली. घेतली नाही त्यांनी. तेव्हा उठसूट कंपनी बदलत नसत लोक." हे शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून होतं. मी बारा वर्षांत चौथ्या ठिकाणी आहे.

जाताना भाऊजींनी काठी टेकवत एक दगड चढून पाहिला. नागपूरला सांगायला काहीतरी हवं.

'इथे होतं' हे अण्णांचं खरं कुलदैवत. जिथे काही आहे तिथे त्यांचं मन रमत नाही. आहे ते कुणीही बघतं. पिंपरीतून जाताना ते रिक्षा थांबवून हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या झाडांकडे बोट करतात: 1954 ची सरकारी कंपनी, देशाचं पेनिसिलिन इथे व्हायचं. मीटर चालू असतो, रिक्षावाला पेनिसिलिन ऐकत असतो. तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून 1908 साली उभा केलेला. वडगाव मावळात इष्टुर फाकड्याचं थडगं. हा फाकडा म्हणजे इंग्रजांचा कॅप्टन स्टुअर्ट, 1779 च्या जानेवारीत कार्ल्याला पडला. "शत्रू होता, पण लढला चांगला म्हणून आपल्या लोकांनी त्याला फाकडा म्हटलं," अण्णा सांगतात आणि थोडं थांबून, "आमच्याकडे छत्तीस वर्षांत एकालाही म्हटलं नाही. घड्याळं दिली."

काकूंचं मत निराळं आहे. "लग्न झाल्यावर महाबळेश्वरला नेतो म्हणाले होते. नेलं चासला. का, तर बाजीरावाच्या काशीबाईंचं माहेर. सोमेश्वराचं देऊळ दाखवलं, दीपमाळ दाखवली, नदी दाखवली. काशीबाईंचं माहेर पहिल्या आठवड्यात बघून झालं. माझ्या माहेरी यायला यांना पुढे तीन वर्षं सुट्टी मिळाली नाही."

मागच्या वर्षी आमच्या मजल्यावरचं एक तरुण जोडपं ग्रीसला निघालं. पांढरी घरं, निळं पाणी, सगळ्यांच्या फोनवर असतात तसले फोटो. अण्णांना कळलं आणि ते सरळ त्यांच्या हॉलमध्ये जाऊन बसले.

"ग्रीस पाहा. पण आधी घोरावडेश्वर पाहा. इथून पाच मिनिटांवर."

त्या दोघांना नाही म्हणणं जमलं नाही. गुरुवार होता. भोसरीतल्या कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी, म्हणून मीही सापडलो. सोमाटण्याच्या अलीकडे जुन्या हायवेला लागून डोंगर, वर पायऱ्या, पायऱ्या संपल्यावर लेणी. लोक येतात ते महादेवाला. महाशिवरात्रीला तर रीघ लागते. अण्णा महादेवाला लांबूनच हात जोडून पलीकडच्या भिंतीपाशी गेले. तिथे ब्राह्मी अक्षरं आहेत.

"वाचा."

आम्ही तिघांनी भिंतीकडे आदराने पाहिलं.

"धेनुकाकट गावच्या एका शेतकऱ्याच्या बायकोने हे लेणं दान दिलंय. राजा नाही, शेटजी नाही. शेतकऱ्याची बायको. पावणेदोन-दोन हजार वर्षांपूर्वी. आता पुढचं ऐका. कार्ल्याच्या चैत्यगृहात जे खांब आहेत, त्यांतले कितीतरी यवनांनी दिलेत. नाव कोरलंय, गाव कोरलंय. गाव कुठलं? हेच, धेनुकाकट. यवन म्हणजे कोण?"

"मुसलमान?" नवरा म्हणाला.

"ग्रीक! दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक पदरचे पैसे घालून मावळात खांब उभे करून गेले, आणि तुम्ही कर्ज काढून त्यांच्याकडे चाललात."

बायको हुशार होती. "काका, मग हे धेनुकाकट आहे कुठे? तेही बघून घेऊ."

अण्णांचा चेहरा असा उजळला, जणू नापास लॉटमधला एक नग ओके निघावा. "त्यावर विद्वानांचं अजून एकमत नाही!" म्हणजे एक अख्खं गाव, ज्याचा पत्ता कुणालाच माहीत नाही. अपरिचित स्थळांमध्ये याच्यापुढे कोण जाणार? बोट फिरवायला जागासुद्धा शिल्लक नाही.

ते जोडपं ग्रीसला जाऊन आलं. फोटोंत पहिला फोटो घोरावडेश्वराच्या पायऱ्यांचा टाकला होता. त्याला शंभरेक लोकांनी 'हे कुठे आहे?' म्हणून विचारलं. अण्णांना सांगितलं तर ते अस्वस्थ झाले. "गर्दी वाढणार आता," म्हणाले, आणि आपल्या डायरीत घोरावडेश्वरासमोर 'रीवर्क' असं लिहिलं.

परवाच्या गुरुवारी अण्णा पुन्हा आले. पाहुणा कुणाकडेच नव्हता. "चला, एक जागा दाखवतो. पाच मिनिटांवर." आणि खरोखर पाचच मिनिटं लागली. तेव्हाच मला काहीतरी बिघडल्यासारखं वाटलं.

चिंचवडला जुन्या हायवेलगत हिरवी जाळी लावलेली बिल्डिंग उठत होती. गेटवरच्या पोराने आम्हाला पाहून सलाम ठोकला. "सॅम्पल फ्लॅट ना? या सर." अण्णा काही बोलले नाहीत. गेटपासून पावलं मोजत आत गेले. एरवी तोंडाने चालणारा माणूस पायाने चालताना मी पहिल्यांदाच पाहिला.

सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी होता, खोट्या सफरचंदांची टोपली होती आणि गळ्यात कार्ड अडकवलेली एक मुलगी होती. "काका, हा मास्टर बेडरूम."

"इथे होता," अण्णा म्हणाले, "75 टनांचा प्रेस."

"सॉरी?"

"आणि बाल्कनी म्हणताय ना, तिथे डिस्पॅच. किचन कुठाय?"

तिने किचन दाखवलं. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा. अण्णा त्याच्यापाशी थांबले. "माझी सरफेस प्लेटही ग्रॅनाइटचीच होती. इथेच. फूटभर इकडे असेल." त्यांनी ओट्यावर तळहात ठेवला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवला. मला वाटलं, आता यांच्या डोळ्यांत पाणी येणार. मी खोट्या सफरचंदांकडे बघायला लागलो.

"लेव्हलला नाही," अण्णा म्हणाले. "उजवीकडे झुकलाय. पाणी कधी सिंककडे जायचं नाही. सांगा तुमच्या साहेबांना."

मुलीने ते खरंच लिहून घेतलं. मग एक फॉर्म पुढे केला. नाव, फोन, बजेट. अण्णांनी बजेटपुढे तिरकी रेघ मारली. खाली छापलं होतं: 'या जागेची माहिती आपल्याला कुठून मिळाली?' पुढे चौकोन होते, होर्डिंग, वर्तमानपत्र, इंटरनेट, मित्रपरिवार. अण्णांनी चारही चौकोन नीट वाचले, एकेक करून खोडले आणि शेजारच्या कोऱ्या जागेत इन्स्पेक्शन रिपोर्टच्या अक्षरात लिहिलं: '1976 ते 2012. पहिली पाळी.'