आम्ही आलोच नव्हतो

पैसे मोजून एखाद्या ठिकाणी जायचं, तिथे रात्र काढायची आणि आपण आलोच नव्हतो असं वाटावं अशा बेताने निघून यायचं, ही रीत मला आजवर फक्त चोरांची म्हणून ठाऊक होती. त्यातही चोर पैसे मोजत नाहीत. पण माझ्या भाचीचं म्हणणं असं की सुसंस्कृत माणसाने रानात असंच राहायचं असतं. अमेरिकेत या विषयाला वाहिलेली 'लीव्ह नो ट्रेस' नावाची एक संस्थाच आहे आणि तिची सात तत्त्वं आहेत. आधी नीट आखणी करा, टणक जमिनीवरच चाला आणि मुक्काम करा, घाणकचऱ्याची योग्य विल्हेवाट लावा, जे जिथे दिसेल ते तिथेच राहू द्या, जाळ कमीत कमी करा, जनावरांना त्रास देऊ नका आणि आसपासच्या माणसांनाही देऊ नका.

ही सातही तत्त्वं मी तासाभरात मुखोद्गत केली. पाठांतर हा लहानपणापासून माझा प्रांत. अंमलबजावणी बहुधा दुसरे कोणीतरी करतात. निघेपर्यंत घरी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी ती चहाबरोबर ऐकवली. संत्र्याची सालही रानात टाकायची नसते, ती कुजायला कित्येक महिने लागतात, हे सांगताना माझा आवाज असा काही लागायचा की समोरच्याने सोलायला घेतलेलं संत्रं परत टोपलीत ठेवावं.

जागा वेल्ह्याच्या पुढे, केळदकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, मढे घाटाच्या अलीकडे. पुण्याच्या एका गृहस्थांनी तिथे मालकीचं रान राखलंय. ऐन, जांभूळ, हिरडा, खाली कारवीची दाटी आणि कडेने एक ओढा. मोजकेच तंबू लावू देतात. वीज नाही, नळ नाही, संडास नाही, आणि या तिन्ही गोष्टी नसल्याचे पैसे लागतात. भाचीने आधीच बजावलं होतं की गाडीही न्यायची नाही. म्हणून स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी, पुढे जीप आणि मग पायपीट. पाठीवर तंबू, चटई, स्पिरिटचा स्टोव्ह, घडीची बादली, लाल उजेडाचा कपाळदिवा, दोरी, प्लॅस्टिकचं खुरपं आणि कचरा परत आणायच्या पिशव्या. निसर्गावर कमीत कमी भार पडावा म्हणून तो सगळा भार माझ्या खांद्यांवर आला होता.

रानाची राखण करणारे तात्या फाटकापाशीच भेटले. साठीच्या पुढचे, डोक्याला मफलर, तोंडात तंबाखूची गोळी. त्यांनी माझ्या सामानाकडे पाहून विचारलं, "सायेब, किती दिस ऱ्हानार?" एकच रात्र, म्हटल्यावर त्यांनी फाटक जरा जास्त उघडलं.

टणक जमिनीवर मुक्काम करावा, हे तत्त्व ज्याने लिहिलं त्याने सह्याद्री पाहिलेला नसावा. इथे टणक सोडून दुसरी जमीनच नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर साचले. त्यावर बोटभर मुरूम, आणि त्यात मी तंबूच्या खुंट्या ठोकत होतो. पहिली खुंटी वाकली. दुसरी उडून कारवीत गेली, तिला शोधायला मी गेलो आणि टणक जमीन सोडून कारवी तुडवली. भाची लांबून म्हणाली, "मामा, दुसरं तत्त्व!" मग खुंट्यांचा नाद सोडून तंबूच्या कोपऱ्यांवर दगड ठेवायचं ठरलं. शिस्त अशी की दगड उचललाच तर जाताना होता तसाच, त्याच खळग्यात, त्याच बाजूने परत ठेवायचा. पहिलाच दगड उचलला, तर खाली काळा, नांगी वर केलेला विंचू. तो दगड मी होता तिथे, होता तसा, होता त्या बाजूने परत ठेवला. कोणत्याही नियमाचं इतकं तंतोतंत आणि इतकं तातडीने पालन माझ्या हातून आजवर झालं नव्हतं.

तंबू शेवटी तात्यांनी लावला. त्यांनी काय केलं ते मला नीट दिसलं नाही, कारण त्या वेळी मी त्यांना तंबू कसा लावायचा ते समजावत होतो.

जाळासाठी तिथे मालकांनी एकच चूल ठरवून दिलीय. मनगटापेक्षा जाड लाकूड जाळायचं नाही आणि तेही आपोआप गळून पडलेलंच हवं. तात्यांनी काटक्या सारून पाच मिनिटांत चहा केला. मला मात्र तेवढाही जाळ नको होता. मी स्पिरिटचा स्टोव्ह पेटवून खिचडी टाकली. बाहेर वारा, आत डिसेंबरच्या उजेडात न दिसणारी निळसर ज्योत. ती चालू आहे की विझलीय हे बोट लावूनच कळायचं. मला ते अनेकदा कळलं. अंधार पडता पडता खिचडी झाली असं मी जाहीर केलं. भाचीने एक घास घेतला, डाळ दाताखाली कडकन वाजली आणि तिने तात्यांकडची भाकरी मागून घेतली. ईर्ष्येने मी आख्खं पातेलं संपवलं. साबण वापरायचा नव्हता, तेव्हा पातेलं थोड्या पाण्याने विसळून ते पाणीही प्यायलो. माझे आजोबा रोज ताट असंच धुऊन पीत. लहानपणी आम्ही नाकं मुरडत असू, आता त्याच कृतीला परदेशी तत्त्वाचा आधार मिळाल्यामुळे ती मला उच्च वाटली.

चुलीशी बसलो असताना मी तात्यांनाही सात तत्त्वं सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "आमच्या देवीच्या राईत वाळकी काटकी बी उचलत न्हाईत." मी लगेच सरसावलो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला होता, वगैरे सांगू लागलो. तात्यांनी विचारलं, "मग? काटकी उचलली व्हती का त्यांनी?" या प्रश्नाचा संदर्भग्रंथ माझ्यापाशी नव्हता. मात्र तात्यांना संतपद देण्याचं कारण नाही. राईबाहेरची कारवी तोडून त्यांनी गोठ्याचा कूड घातलाय आणि मालकाने इथे सिमेंटच्या चार खोल्या बांधाव्यात असं त्यांचं ठाम मत आहे. "मानूस थंडीत कशाला ऱ्हातंय असं? पैशेवाली मान्सं तुमी."

उरलेलं खाद्य झाडाला टांगून ठेवायचं, असं मी वाचलं होतं. ते अस्वलांसाठी. इथे अस्वलं नाहीत, पण मी वाचलं होतं. दोरीला दगड बांधून फांदीवरून फेकला, तो फांदीला वळसा घालून माझ्याच गुडघ्यावर आला. शेवटी पिशवी टांगली, फार तर कंबरेच्या उंचीवर. गावातून आमच्यामागे आलेलं एक काळं कुत्रं हा सगळा सोहळा बसून पाहत होतं. मी तंबूत शिरल्यावर त्याने पिशवीतले शेंगदाण्याचे लाडू खाल्ले, न उठता.

रात्री रातव्याचं चक् चक् चक् सुरू झालं. मधेच दरीकडून भेकर भुंकलं. ते कुत्र्यासारखं भुंकतं हे मला माहीत होतं, तरीही ते बिबट्याला पाहून भुंकतं हेही माहीत असल्याने पहिल्या माहितीचा दिलासा टिकला नाही. आणि त्याच सुमारास पोटातल्या डाळीने शिजायला सुरुवात केली.

यासाठीचा नियम असा. पाण्यापासून निदान दोनशे फूट, म्हणजे साधारण सत्तर पावलं दूर जायचं. सहा इंच खोल खड्डा खणायचा. काम झालं की तो बुजवायचा आणि कागद पिशवीत घालून परत आणायचा. सहा इंच अशासाठी की वरच्या थरातल्या मातीत जिवाणू भरपूर असतात, ते बाकीचं बघतात. मी लाल दिवा कपाळाला लावला, खुरपं घेतलं आणि ओढ्याकडे पाठ करून चढाने पावलं मोजू लागलो. चाळीसपर्यंत मोजणी शिस्तीत झाली. पुढची तीस पावलं मी दहांत उरकली.

खुरपं मारलं. अर्ध्या इंचावर खण्ण. बाजूला मारलं, तिथेही खण्ण. एकीकडे साडेसहा कोटी वर्षांचा बसाल्ट, दुसरीकडे दीडशे रुपयांचं हिरवं खुरपं आणि मधे मी, ज्याच्यापाशी आता मिनिटंही उरली नव्हती. तिसऱ्या घावाला खुरप्याचं पातं मुठीपासून सुटलं. वाकल्या अवस्थेत तोल गेला, म्हणून आधाराला शेजारची वेल धरली. हाताला काहीतरी मऊ, मखमली लागलं. बोटभर लांबीच्या, वळलेल्या शेंगा. लाल उजेडात त्यांवरची लव सोनेरी दिसत होती की तपकिरी, हे नीट पाहायला मी वेल जवळ ओढली आणि झटकली.

खाजकुइली. तिच्या केसांत म्युक्युनेन नावाचं विकर असतं, ते कातडीत शिरलं की आग आणि खाज सुरू. आयुर्वेदात हिलाच कपिकच्छू म्हणतात. हिच्या बियांत लेव्होडोपा असतं, जे कंपवाताच्या रुग्णांना देतात. हे सगळं मला आधीपासून ठाऊक होतं. वेल झटकताना त्यातलं काहीही पुढे आलं नाही. आधी हात, मग मान, मग ज्या भागांचा उल्लेख मासिकात करता येत नाही ते, कारण मी एव्हाना त्या कामाच्या तयारीत उभा होतो.

आसपासच्या माणसांना त्रास देऊ नका, हे सातवं तत्त्व मी साधारण अर्धा मिनिट पाळलं. मग जो ओरडलो त्याने भेकर गप्प झालं, रातवा गप्प झाला आणि कुत्र्याने भुंकायला सुरुवात केली. ओढ्याकडे धावलो, पण ओढ्यात अंग धुवायचं नाही, पाणी बादलीने दोनशे फूट लांब न्यायचं, हे ऐन काठावर आठवलं. तत्त्व की कातडी, असा विचार करत मी तिथे एका पायावर नाचत असताना कंदील घेऊन तात्या आले.

"शेंगा लागल्या व्हय? पानी नगा लावू, आनखी पसरंल. हुबं ऱ्हावा हितंच."

ते गोठ्याकडे गेले आणि पाटीभर शेण घेऊन आले. कंदिलाच्या उजेडात त्यांनी मला अंगण सारवावं तसा सारवला, कोपरे न सोडता. शेण वाळून पोपडे सुटले की केस त्याबरोबर निघून येतात, असा त्यामागचा हिशेब. तोवर थंडीत हात पसरून उभं राहायचं. भाची तंबूतून डोकं बाहेर काढून बराच वेळ पाहत राहिली. मग तिने विचारलं, "मामा, खड्डा नीट बुजवलास ना?"

खड्डा झालाच नव्हता. आणि घाबरण्याचा पचनसंस्थेवर असा काही परिणाम झाला होता की त्याची गरजही उरली नव्हती.

सकाळी पोपडे पडले आणि खाज बरीचशी उतरली. ते शेण रानातच राहू द्यायला भाचीने परवानगी दिली, कारण ते स्थानिक होतं. बाकी पाहणीत ती कडक निघाली. तुडवलेली कारवी, बसाल्टवरचे ओरखडे, खुरप्याचं हरवलेलं पातं, लाडवांचा चुरा. पातं शोधायला मी पुन्हा त्या वेलीपाशी जावं असं तिने सुचवलं, तेव्हा तात्याच काठी घेऊन गेले आणि घेऊन आले. निघताना म्हणाले, "सायेब, तुमी येऊन गेला त्ये आता रानडुकराला बी म्हायती झालंय."

परतीच्या वाटेवर भाचीने रस्त्याकडेच्या गुटख्याच्या पुड्या आणि पाण्याच्या बाटल्याही आमच्याच पिशवीत भरायला लावल्या. एसटीत माझ्या शेजारची जागा स्वारगेटपर्यंत रिकामी राहिली. उभ्याने प्रवास करणाऱ्यांनीही ती घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याच्या ढकलगाडीपाशी ती फुगलेली पिशवी घेऊन मी उभा राहिलो. मावशींनी ती दोन बोटांनी उघडून पाहिली. संत्र्याची सालं, अंड्यांची टरफलं, बाटल्या, पुड्या, वापरलेला कागद, आणि हिरवं खुरपं दोन तुकड्यांत.

"ह्ये वलं का सुकं?"

"तसं नाही मावशी, हे रानातलं आहे."

"मग रानात टाकायचं ना! हितं कशाला आनलं?"

मी मान खाजवली, घसा साफ केला आणि पहिल्या तत्त्वापासून सुरुवात केली. दुसऱ्यावर आलो तेव्हा मावशींची गाडी पुढच्या इमारतीपाशी पोचली होती आणि पिशवी माझ्याच हातात होती.