सहा किलोंचं सरकार

ज्या घरात एक मोठा आणि एक छोटा असे दोन कुत्रे आहेत, तिथे कोणाचं चालतं हे घरच्यांना विचारू नये. ते ‘दोघं अगदी भावाभावांसारखे राहतात’ असं सांगतात. बरोबरच आहे. एकाच सातबाऱ्यावर नावं असलेले भाऊ राहतात, तसेच राहतात.

डोंबिवलीला आमच्या ताईकडे सिंबा आहे. जात लॅब्रेडॉर, वजन चौतीस किलो, जबडा असा की सोललेला नारळ आत जाईल. आणि बिट्टू आहे. ताई त्याला पामेरियन म्हणते. आपल्याकडे पामेरियन म्हणून मिरवणारी बहुतेक पांढरी कुत्री इंडियन स्पिट्झ असतात, पण हे तिच्यासमोर बोलायची सोय नाही. वजन सहा किलो, त्यातही बराचसा वाटा केसांचा. घर वन बीएचके, कर्ज भावोजींच्या नावावर, ताबा बिट्टूकडे.

हा ताबा चालतो हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या पॅसेजमधून. दुपारी बिट्टू तिथे आडवा पडतो. पाण्याचं भांडं पलीकडे, सिंबा अलीकडे. सिंबा येतो, थबकतो, पुढचा एक पाय उचलतो. बिट्टूचे डोळे मिटलेलेच असतात. फक्त वरचा ओठ एका बाजूने किंचित वर जातो आणि एक दात दिसतो. एकच. गुरगुर नाही, भुंकणं नाही. सिंबा उचललेला पाय होता तिथे ठेवतो, मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो आणि खाली बसून कुंई कुंई करू लागतो. मग ताई येते. ती बिट्टूला उचलून कडेवर घेते, ‘झोपू दे की रे बाळाला जरा!’ असं सिंबाला सुनावते, आणि वाहतूक सुरळीत होते. रस्ता अडवणारा कडेवर, पाणी मागणाऱ्याला बोलणी. हे बघून मला घरात बसल्याबसल्या मंत्रालयात गेल्यासारखं वाटतं.

बाळाचं वय अकरा आहे. कुत्र्यांत अकरा म्हणजे पेन्शनीचं वय, पण बिट्टू अजून बाळच. आपल्याकडे पंचेचाळिशीतले गृहस्थ युवा आघाडीचे अध्यक्ष असतात, त्यांना कोणी जन्मदाखला विचारतं का? सिंबा पाच वर्षांचा, पण ‘तू मोठा आहेस ना, मग समजून घे’ हे वाक्य त्याने पहिल्या वर्षापासून ऐकलं आहे.

मोठा तो, पण आधी बिट्टू आला. सगळी ग्यानबाची मेख इथे आहे. सिंबा घरात आला तेव्हा दोन महिन्यांचा होता आणि वजनाला बिट्टूपेक्षा हलका. बिट्टूने त्याच आठवड्यात त्याला कोपऱ्यात घेऊन सेवाशर्ती समजावून दिल्या. पुढे वर्षभरात सिंबा सहापट झाला, पण ते परिपत्रक कोणी मागे घेतलं नाही. सिंबाच्या आधी या घरात टायगर नावाचा दुसरा लॅब्रेडॉर होता. तोही पॅसेजच्या अलीकडेच कुंई कुंई करायचा. लहान चणीची कुत्री चौदापंधरा वर्षं सहज काढतात, मोठ्या जातींचं आयुष्य त्यापेक्षा कमी. ग्रेट डेनसारखा धिप्पाड कुत्रा तर सातआठ वर्षांतच आटोपतो. त्यामुळे मंत्री बदलतात, कक्ष अधिकारी खुर्ची सोडत नाही.

तर या घरात शिस्त आणायची म्हणून भावोजींनी एक प्रशिक्षक बोलावला. त्याने पहिल्याच बैठकीत ‘तुम्हाला अल्फा व्हावं लागेल’ असा उपदेश केला. अल्फा म्हणजे कळपाचा म्होरक्या. दारातून आधी आपण जायचं, आधी आपण खायचं, सोफ्यावर फक्त आपण. भावोजी आठवडाभर अल्फा होते. दारातून आधी जाताना पट्ट्यात पाय अडकून ते जिन्यात बसले. कुत्र्यांच्या आधी खायचं म्हणून त्यांचं जेवण सायंकाळी सहाला होऊ लागलं आणि रात्री दहाला पुन्हा होऊ लागलं. सोफ्यावर बिट्टू होताच. तो ‘फक्त आपण’मध्ये स्वतःला धरत होता.

गंमत म्हणजे या अल्फाचं मूळच कच्चं आहे. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकाने बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांच्या भांडणांवर लिहिलं, आणि तिथून ही कल्पना पसरली. बिग बॉसच्या घरातली भांडणं बघून मराठी कुटुंबसंस्थेवर प्रबंध लिहावा, त्यातला हा प्रकार. डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकाने १९७० च्या आपल्या पुस्तकात ती कल्पना उचलली, ते पुस्तक तुफान गाजलं. पुढे त्यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले. तिथे कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, म्होरकेपणासाठी कुस्त्या वगैरे काही नाही. १९९९ मध्ये त्यांनी तसं लिहून टाकलं, आणि आपलंच पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. ते थांबायला २०२२ उजाडलं. स्वतःच्या खपणाऱ्या पुस्तकाची आवृत्ती बंद करा म्हणणारा लेखक मराठीत दाखवा आणि माझ्याकडून मिसळ खा. आमच्या प्रशिक्षकापर्यंत अर्थात यातलं १९९९ सालही अजून पोहोचलेलं नाही.

मग बिट्टूचं चालतं कसं? तो शूर आहे म्हणून नाही. फटाका वाजला की तो सिंबाच्या पोटाखाली शिरतो. इमारतीखालचा भटका काळू दिसला की सिंबाच्या चार पायांमधून तोंड बाहेर काढून शिव्या देतो, आणि काळूने एक पाऊल पुढे टाकलं की तोंड आत. त्याचं चालतं, कारण त्याचा गुन्हा कुठे नोंदवलाच जात नाही. बिट्टू पाहुण्याच्या पोटरीला लागला की घरभर हशा, ‘बघा, एवढासा जीव पण तोरा किती!’ आणि मोबाइल बाहेर. सिंबाने नुसती मान वर करून घसा खाकरला तरी पाहुणे पाय सोफ्यावर घेतात. व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी १२०० हून जास्त कुत्रेमालकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि २०१० मध्ये हेच मांडलं. छोट्या कुत्र्यांचे मालक त्यांना शिकवण्याच्या फंदात कमी पडतात, आज एक नियम तर उद्या दुसरा, आणि छोटी कुत्री जास्त अंगावर येतात. पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या २००८ मधल्या पाहणीतही चावरेपणात डाक्सहुंड आणि चिवावा ही मंडळी वरच्या रांगेत होती. ज्यांना आपण पर्समध्ये घालून मॉलमध्ये नेतो, ती.

पत्रव्यवहाराचं वेगळंच. खांबावर पाय वर करून कुत्रा जो मजकूर लिहितो, त्याचाही अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये कोन मोजून दाखवला. छोटे नर पाय जास्त वर नेतात, म्हणजे धार उंच लागते आणि वाचणाऱ्याला वाटतं की लिहिणारा गडी थोर असणार. बिट्टू तर गेटच्या खांबापाशी पाय असा नेतो की एके दिवशी उताणाच पडला. उठला, अंग झटकलं, आणि आपल्याला इथे लोळायचंच होतं अशा चेहऱ्याने दोन मिनिटं लोळला. सिंबा खांबाच्या बुंध्याशी तीन शब्दांत आटोपतो. चौतीस किलोंना बॅनर लागत नाही.

मात्र सिंबा नुसता गरीब गाय आहे असं समजू नका. घरात चघळायचं एक मोठं हाडूक आणलं होतं. ते बिट्टूच्या तोंडात मावत नाही, पण ते राखणं त्याला जमतं. तीन दिवस तो त्यावर हनुवटी टेकून बसला. जेवायला गेला तरी मान मागे. चौथ्या दिवशी सिंबा शांतपणे उठला, दारापाशी गेला आणि कुरिअरवाला आल्यावर भुंकतात तसा दोनदा भुंकला. दाराबाहेर कोणी नव्हतं. पण गृहखातं बिट्टूकडे. तो धावत गेला, दारावर उड्या मारल्या, फटीतून धमक्या दिल्या, आजूबाजूचे तीन मजले जागे केले. परत आला तेव्हा हाडकाचं एक टोक नव्हतं आणि सिंबा डोळे मिटून पडला होता. हा प्रयोग आता अधूनमधून होतो. बिट्टूला शंका येत असावी, पण दार वाजलं आणि आपण गेलो नाही तर खातं जाईल, ही भीती मोठी.

खेळतानाही सिंबा मुद्दाम पाठीवर पडतो, बिट्टूला पोटावर चढू देतो. मोठी कुत्री छोट्यांशी खेळताना असं हात राखून खेळतात, म्हणून तर खेळ टिकतो. त्यामुळे तो बिट्टूला घाबरतो असं मला वाटत नाही. आपण एकदा खरंच तोंड उघडलं तर काय होईल, याचा हिशेब त्या घरात फक्त त्याने केलेला आहे.

गेल्या महिन्यात बिट्टूने पेपरवाल्या पोराची पॅन्ट गुडघ्यापर्यंत फाडली. पोरगा सोसायटीच्या ऑफिसात गेला, तक्रार झाली, तातडीची सभा भरली. सेक्रेटरींनी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ मधल्या सूचना वाचून दाखवल्या. पाळीव कुत्र्यांना लिफ्टबंदी करता येत नाही. मग कोणीतरी मधला मार्ग काढला. बंदी नको, विनंती करू. तासाभराच्या चर्चेनंतर ठराव आला तो असा: वीस किलोंवरच्या कुत्र्यांच्या मालकांनी त्यांना लिफ्टमध्ये तोंडाला जाळी बांधून न्यावं. ठराव एकमताने मंजूर झाला, भावोजींनीही हात वर केला. आरोपी सभेला जातीने हजर होता. चेअरमनसाहेबांच्या मांडीवर, त्यांच्या बशीतलं क्रीम बिस्किट खात.