उंदरांचे मामा

फार्मसी कॉलेजात गाईड बदलतात, प्राचार्य बदलतात, अभ्यासक्रम तर बदलतोच. ॲनिमल हाउसचे मामा बदलत नाहीत. कॉलेज कुठलंही घ्या, सायकल स्टँडच्या पलीकडे भाताच्या तुसाचा आणि आणखी कशाचा तरी वास येणारी एक खोली असते आणि तिच्या दारात स्टुलावर मामा असतात. सेवापुस्तकात त्यांचा हुद्दा 'प्रयोगशाळा परिचर'. एम.फार्म.च्या पोरांच्या लेखी मात्र ते एथिक्स कमिटीच्याही वरचे. कमिटी परवानगी देते. उंदीर मामा देतात.

पहिल्या दिवशी मी भीत भीत दारात उभी राहिले, तर मामांनी मान वर न करता विचारलं, "साखर का सूज?"

जगातलं समस्त औषधशास्त्रीय संशोधन मामांनी या दोन खात्यांत विभागलं होतं. सूज म्हणजे पंजात कॅराजिनन टोचायचं, दर तासाला पंजा मोजायचा, संध्याकाळच्या एस.टी.ला मोकळे. साखर म्हणजे एकवीस दिवसांचा संसार. 'डोकं' असं तिसरंही एक खातं होतं. त्यात अधिक चिन्हाच्या आकाराच्या उंच फळीवर उंदीर सोडून तो घाबरतो का ते बघायचं. त्या खात्याबद्दल मामांचं मत बरं नव्हतं. "उंचावर ठेवलं तर घाबरंलच की. त्याला काय एम.फार्म. लागतंय?"

"साखर," मी म्हटलं.

"म्हणजे तीस."

पाच गट, प्रत्येकी सहा: निरोगी, नुसते मधुमेही, मेटफॉर्मिनवाले आणि माझ्या अर्काच्या दोन मात्रांचे, किलोला 200 आणि 400 मिलिग्रॅम. हे समजवायला सरांना दोन तास लागले होते. अर्क कुठल्या झाडाचा ते सांगत नाही, कारण त्यानं काही फरक पडत नाही. जांभूळ, मेथी, कारलं, गुळवेल, बेडकीचा पाला हे सगळे मानकरी आधीच्या बॅचेसनी सॉक्सलेटमध्ये उकळून संपवले होते. "झाड नवं शोध, बाकी सगळं तेच," एवढंच मार्गदर्शन मला मिळालं होतं.

उंदराला मधुमेह द्यायचा तर स्ट्रेप्टोझोटोसिन लागतं. ते स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारतं. पण स्वभावानं फार नाजूक. थंडगार सायट्रेट बफरमध्ये कालवायचं, बर्फावर ठेवायचं आणि लगेच टोचायचं. रेंगाळलात की वाया. नेमकं त्या दिवशी बर्फाचं मशीन बंद पडलेलं. मामा उठले आणि कोपऱ्यावरच्या रसवंतीतून थर्मासभर बर्फ घेऊन आले. उसाच्या रसाच्या बर्फावर मी चोवीस उंदरांना मधुमेह दिला. प्रबंधात ही पद्धत लिहिलेली नाही.

घरी निघाले तर मामांनी हटकलं. "ताई, आज साधं पाणी ठेवू नका. ग्लुकोजचं ठेवा. पेशी मरताना आतलं सगळं इन्सुलिन सोडतात. रात्रीत साखर एकदम खाली येती, सकाळी तीसचे वीस दिसतील." हे वाक्य मला नंतर एका जाड पुस्तकात इंग्रजीत सापडलं. तिथं 'ताई' नव्हतं.

खरी फजिती पुढं झाली. शेपटीच्या टोकाला टोचून ग्लुकोमीटरवर साखर बघायची, तर निरोगी गटातले उंदीरही मधुमेही निघायला लागले. मी मीटर बदलला, पट्ट्या बदलल्या, नशिबाला बोल लावला. मामांनी पिक्रिक ॲसिडनं डोकं पिवळं केलेला एक उंदीर अलगद तळहातावर घेतला, पाठीवरून दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाले, "आता बघा." साखर जागेवर. "तुम्ही घाबरता, मग ते घाबरतं. घाबरलं की साखर चढती. मशीनला काय धाड भरलीय!" त्यानंतरचे एकवीस दिवस उंदीर मामांनी धरले आणि आकडे मी लिहिले. 'पी' ची किंमत 0.05 च्या खाली आली ती कुणाच्या हातगुणानं, हे सांख्यिकीच्या कुठल्या सॉफ्टवेअरला कळणार? प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मामा 'शिक्षकेतर कर्मचारी' या शब्दांत मावले. ते मीच टाइप केलं होतं. कुणाला दोष देऊ?

तोंडी परीक्षा झाल्यावर पेढे घेऊन गेले. मामांनी पेढ्याचा अर्धा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. मेटफॉर्मिन, पाचशेची.

"मामा, तुम्हाला साखर आहे?"

"बारा वर्षं झाली."

मला वाईट वाटलं ते मात्र भलत्याच गोष्टीचं. "माझा 400 वाला अर्क मेटफॉर्मिनच्या तोडीस तोड उतरला की! आणि ते जांभूळ, ती मेथी..."

"उतरला ना. उंदराला उतरला."

मग मी शास्त्राची बाजू घेतली. म्हटलं, ही गोळीसुद्धा मुळात झाडाच्याच गोत्रातली. युरोपात गॅलेगा नावाची वनस्पती आहे, तिच्यातल्या द्रव्याचा हा लांबचा नातलग. 1922 साली डब्लिनमध्ये रेणू तयार झाला आणि 1957 मध्ये पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी तो मधुमेही माणसांना देऊन पाहिल्याचं प्रसिद्ध केलं.

मामांनी बोटांवर हिशेब केला. "पस्तीस वर्षं."

"हो."

"आन् आपल्याकडं चौथ्या सेमिस्टरला बाइंडिंग."

एवढं बोलून त्यांनी गोळी घेतली, वर पाणी प्यायले आणि उरलेला अर्धा पेढाही तोंडात टाकला.