तांब्याभर पाणी

गाडीतलं कूलंट इंजिन पूर्ण गार असतानाच तपासावं, असं गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात छापलंय. आमच्या गडमुडशिंगीत एप्रिल महिन्यात पूर्ण गार काय असतं, तेवढं छापायचं राहून गेलंय.

इंजिनाशेजारी कूलंटची प्लॅस्टिकची बाटली आहे. तिच्यावर दोन रेघा, वरची कमाल आणि खालची किमान. या रेघा पांढऱ्या प्लॅस्टिकवर पांढऱ्याच उठावात काढलेल्या होत्या. बारा वर्षांत प्लॅस्टिक पिवळं पडलं, रेघाही पडल्या. मोबाईलचा उजेड पाडून, एक डोळा मिटून गाडी हलवली की आत काहीतरी डचमळतं. ते रेघेच्या वर की खाली, हा श्रद्धेचा भाग.

बॉनेट उघडलं की गल्ली जमते, आणि सगळ्यांचं निदान एकच असतं: पाणी. शेजारचे अण्णा तर तांब्या घेऊनच येतात. "घाला की ओ पाणी. कूलंट म्हंजे काय, रंग दिल्यालं पाणीच की!" अण्णांचं म्हणणं निम्मं खरं आहे, म्हणून जास्त त्रासाचं आहे. कूलंट निम्मं पाणीच असतं; बाकी इथिलीन ग्लायकॉल आणि गंज धरू न देणारी थोडी द्रव्यं. पण ते पाणी डिस्टिल्ड लागतं. आमच्या बोअरचं पाणी बादलीतल्या हीटरच्या कॉइलवर दोन महिन्यांत पांढरा गिलावा करतं. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही ते तेच करणार. मी अण्णांना कॉइल आणून दाखवली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "बदला ही."

मुळात हे सगळं सुरू झालं दिवाळीच्या तोंडावर, गांधीनगरात. घाटात गाडी तापेल म्हणून मी इतकी वर्षं धास्तावलेला. करूळ, फोंडा, आंबोली, सगळे घाट ती मुकाट्यानं चढली. तापली ती सपाट रस्त्यावर, कापडाच्या दुकानासमोर, उभ्या उभ्या. धावत्या गाडीच्या रेडिएटरला वारा फुकट मिळतो. गर्दीत अडकलेल्या गाडीला एकट्या पंख्याचा आधार. आणि माझ्या रेडिएटरच्या तोंडावर हुपरी रस्त्यावरच्या ट्रॉल्यांतून उडालेलं मागच्या हंगामाचं पाचट, धूळ आणि किडे यांचं असं लिंपण बसलं होतं, की पंखा भिंतीला वारा घालत होता. उसाचा टनाला दर शेतकऱ्याला मिळतो, कारखान्याला साखर मिळते, पाचट तेवढं मला.

तिथं एक उत्साही पोरगा ओलं पोतं टाकून रेडिएटरचं टोपण फिरवायला निघाला होता. त्याचा हात धरावा लागला. त्या टोपणावर १.१ असा आकडा आहे. म्हणजे आतला दाब जवळपास घरच्या कुकरइतका, आणि पाणी शंभराला न उकळता एकशेवीस अंशांच्या आसपास उकळणार. शिट्टीवर आलेल्या कुकरचं झाकण कुणी उघडत नाही. तोच कुकर बॉनेटखाली ठेवला की माणसं धीट होतात.

मिस्त्रीनं दुसऱ्या दिवशी उपाय सांगितला. "थर्मास्टॅट वॉल काढून टाकू की सायेब. आपल्याकडं काय बर्फ पडतोय व्हय?" हा वॉल साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, तोवर इंजिनाला ऊब धरू देतो, तो काढला तर गाडी थंडच पळते आणि इंधन जास्त पिते, असं मी सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. रिटायर मास्तरांचं ऐकून घेतात, तसं. तेव्हाच ठरवलं, कूलंट बदलायचं काम घरीच करायचं.

दुकानदारानं विचारलं, "कुठला रंग देऊ?" अगदी साडी दाखवावी तसं. हिरवं, गुलाबी, निळं. रंगावरून आतलं रसायन कळत नाही आणि भलतंसलतं एकत्र केलं तर साका धरतो, हे बोलेपर्यंत त्यानं हिरवं बांधलं होतं. परत करून पुस्तकात सांगितलेलं गुलाबी घेतलं. निम्म्याला निम्मं पाणी घातलं तर हे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, अशी बाटलीवर हमी आहे. करवीर तालुक्यात हा आकडा समजू शकतील अशी माणसं एकदाच राहून गेली: १९४३ ते १९४८ या काळात पलीकडच्या वळिवड्याच्या छावणीत सैबेरियाची हद्दपारी सोसून आलेले पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित. त्यांच्याकडे गाड्या नव्हत्या.

एप्रिलातल्या एका रविवारी घमेलं मांडून गाडीखाली शिरलो. निचऱ्याचा कॉक अशा जागी आहे, जिथं मनगट पोचतं पण बोटं वळत नाहीत. तो सुटला आणि गुळाच्या चहाच्या रंगाचं पाणी आलं. पुस्तकात साडेचार लिटर, घमेल्यात तीन. उरलेलं दीड इंजिनाच्या पोटातच राहतं. म्हणून डिस्टिल्ड पाणी भरायचं, गाडी चालू करायची, गार होऊ द्यायची, सोडायचं, पुन्हा भरायचं. इन्व्हर्टरसाठी ठेवलेला कॅनही संपला. बायकोनं फक्त कॅनकडे पाहिलं. घमेलं झाकून ठेवलं, कारण ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि कुत्र्याला मारतं. सल्ला न देता उभा असलेला गल्लीत तो एकटाच होता.

शेवटी नवं कूलंट भरून हवा काढणं. त्यासाठी हीटर पूर्ण गरमवर ठेवून, पंखा फिरायला लागेपर्यंत गाडी उभ्यानं चालू ठेवायची. मी एप्रिलच्या दुपारी हीटर लावून गाडीत बसलो. तीन जण काचेतून डोकावून गेले. एकानं घरात जाऊन बायकोला विचारलं, सगळं बरं आहे ना.

संध्याकाळी बॉनेट सळईवर टेकवून जेवायला गेलो. इंजिन गार होताना रेडिएटर बाटलीतलं कूलंट ओढून घेतो, पातळी उतरते, आणि मग तेवढंच तयार मिश्रण वर घालायचं असतं. ते मी वेगळं मापून ठेवलं होतं.

हात धुऊन बाहेर आलो. बाटली काठोकाठ भरलेली होती, रंग फिकट गुलाबी.

"खाली गेल्तं," अण्णा कंपाउंडपलीकडून म्हणाले. "तुम्ही जेवत हुता, म्हटलं कशाला उठवायचं. तांब्या बॅटरीवर ऱ्हायलाय, तेवढा द्या."