म महिला मंडळास खुले पत्र

प्रति,
अध्यक्षा व सर्व सभासद,
म महिला मंडळ (माशी, मुंगी, मच्छर, मावा, मधमाशी)

विषय : सोसायटीच्या आवारातील आपल्या वाढत्या उपक्रमांबाबत.

महोदया,

प्रथम अभिनंदन. स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण देऊन आम्ही स्वतःची पाठ थोपटून घेतो. आपण हा आकडा केव्हाच मागे टाकला. रक्त पिणारी मच्छर मादीच, नर बिचारा फुलांच्या रसावर भागवतो. वारुळातल्या कामकरी मुंग्या आणि पोळ्यातल्या कामकरी माश्या, सगळ्या माद्याच. मावाबाईंनी तर कमालच केली. हवा मानवली की नराची वाट न पाहता त्या थेट जिवंत पिल्लेच घालतात.

आता तक्रारी.

श्रीमती मच्छर, आपली मराठी नोंद 'डास' अशी असताना केवळ सभासदत्वासाठी आपण हे नाव लावता, त्याकडे कानाडोळा करतो. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना आपल्या पोटात मलेरियाचे परजीवी सापडले. त्यांना १९०२ मध्ये नोबेल मिळाले. आपल्याला आमच्या कुलरची टाकी, गच्चीवरचे जुने टायर आणि कुंड्यांखालच्या ताटल्या मिळाल्या. डेंग्यूवाल्या भगिनींना तर साठलेले स्वच्छ पाणीच लागते आणि चावायला दिवसाउजेडी येतात. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि आमच्याकडे पंधरा-पंधरा दिवस कोणी पाणी बदलत नाही. हा योगायोग की संगनमत, याचा लेखी खुलासा करावा.

श्रीमती माशी, आपण पायांनी चव घेता, म्हणजे पेढ्यावर बसताक्षणीच तो चाखलेला असतो. चावायला दात नाहीत म्हणून आधी त्यावर लाळ सोडता, विरघळला की शोषता. उकिरड्यावरून येताना पाय पुसायची पद्धत आपल्याकडे नाही, हे समजू शकतो. ओला-सुका कचरा वेगळा करायची पद्धत आमच्याकडेही नाही.

श्रीमती मुंगी व श्रीमती मावा, आपले प्रकरण एकत्रच घ्यावे लागेल. तळमजल्यावरच्या काकूंच्या जास्वंदीचा रस मावा शोषणार, त्यातून गोड चिकटा सोडणार, तो मुंगी पिणार आणि मोबदल्यात मावा खायला आलेल्या लेडीबर्ड भुंगेऱ्यांना हुसकावणार. उरलेल्या चिकट्यावर काळी बुरशी धरली, तर ती काकूंची जबाबदारी! याला आमच्याकडे युती म्हणतात. आमची जागावाटपात मोडते. आपली कशी टिकते, ते कृपया कळवावे. वरच्या पातळीवरून विचारणा आहे.

श्रीमती मधमाशी, आपल्याविरुद्ध मात्र पुरावा काही सापडेना. आपण परागीभवन करता, तेव्हा कांद्याचे बी धरते, सूर्यफुलाचे दाणे भरतात. आयुष्यभर राबून एक कामकरी माशी चहाच्या चमच्याचा जेमतेम बारावा हिस्सा मध करते, तोही आम्ही लिंबूपाण्यात घालून पितो. महाबळेश्वरजवळच्या मांघरने तर आपल्या जिवावर २०२२ मध्ये 'मधाचे गाव' असा लौकिक मिळवला. पण आमच्या सहाव्या मजल्याच्या छज्ज्याखाली आग्या माश्यांचे पोळे लागल्याने इमारतीची शोभा जाते, अशी सभासदांची भावना आहे.

सबब, सर्वसाधारण सभेने पुढीलप्रमाणे ठराव केले आहेत :

१. पोळे धूर करून तातडीने उतरवावे. (एकमताने मंजूर. खर्चास मान्यता.)
२. कुलर, टायर व ताटल्यांतील पाणी दर आठवड्याला बदलावे. (वेळेअभावी पुढील सभेत.)
३. कचरा वेगळा करावा. (गोंधळात तहकूब.)
४. जास्वंदीवर निंबोळी अर्क फवारावा. (खर्च कोणी करायचा, यासाठी उपसमिती.)

कळावे,
आपला नम्र,
मानद सचिव

प्रत माहितीसाठी : श्री. ढेकूण व श्री. झुरळ. आद्याक्षर जुळत नसल्याने आपले सभासदत्वाचे अर्ज नामंजूर करण्यात येत आहेत. सध्याच्या राहत्या जागेस त्यामुळे कोणतीही बाधा येणार नाही.